फेटा बांधलेली गाडी

आमच्या कॉलेजच्या स्टाफ मीटिंगला नानांच्या समोर टेबलावर तीन वस्तू असायच्या. पाण्याचा तांब्या, शिपायाला बोलवायची घंटी आणि एक लाल नोझल. नोझल म्हणजे गाड्या धुण्याच्या प्रेशर मशीनच्या नळीला पुढं लावतात ते बोटाएवढं टोक. लाल टोक लावलं की पाण्याची धार सुईसारखी बारीक येते आणि समोर जे असेल ते सोलून काढते. मीटिंगमध्ये कुणी पगाराचा विषय काढला तर नाना हात पुढं करायचे. नोझल उचलायचे, त्याच्या भोकाला डोळा लावून आमच्याकडं बघायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. मग पुढचा विषय सुरू व्हायचा.

नाना आमच्या संस्थेचे अध्यक्ष. केज तालुक्यातले मोठे बागायतदार. शिक्षण सातवीपर्यंत, हे ते स्वतःच प्रत्येक भाषणात सांगायचे आणि सांगून झालं की टाळ्यांसाठी थांबायचे. मी उमापूरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील आठवडी बाजारात मसाल्याचं दुकान मांडायचे. मी इंग्रजीत एम. ए. झालो तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले आणि त्यानंतर बरेच दिवस मी त्या पेढ्यांना जागेल अशी नोकरी शोधत फिरलो. ती नोकरी नानांनी दिली. मला आयुष्यात पहिल्यांदा ‘सर’ म्हणाले तेही नानाच. हे उपकार मी विसरलेलो नाही. पुढचं वाचून कुणाला तसं वाटलं, तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समजावा.

माझी मुलाखत नानांच्या मळ्यात झाली. मी नवा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून गेलो, तर नाना धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पायात गमबूट घालून एका गाडीसमोर उभे होते. तशी गाडी मी आधी फक्त मोबाईलवर पाहिली होती. चार जाडजूड चाकं, वर मोटारसायकलचं हँडल आणि मोटारसायकलचंच सीट. रंग पोपटी. तिला एटीव्ही म्हणतात, ती चिखलात, नांगरटीत, ओढ्यात कुठंही जाते, हे मला नंतर कळलं. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. माघारी लोक तिला ‘नानाचं बेडूक’ म्हणायचे.

“इंग्रजी वाचता येतं का?” नानांनी विचारलं.

“हो. एम. ए. झालंय माझं.”

“ते न्हाई इचारलं. वाचता येतं का?”

त्यांनी गाडीसोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. “धुण्याचं पान काढा. वाचा आन आमाला मराठीत सांगा.”

मी फाईल काखेत धरली आणि वाचायला लागलो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय पाणी मारू नये. सायलेन्सरचं तोंड बुजवावं. हवा आत ओढण्याचं तोंड प्लास्टिकनं झाकावं. धार पंख्यासारखी पसरट ठेवावी, सुईसारखी नको. चाकांच्या बेअरिंगवर, वायरींच्या जोडांवर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून धार मारू नये. धुऊन झाल्यावर सगळं झाकलेलं आठवणीनं उघडावं, पुसावं, ग्रीस भरावं, मग इंजिन चालू करून बघावं.

नाना डोळे मिटून ऐकत होते. कुणी पोथी वाचावी आणि घरच्या वडीलधाऱ्यानं ऐकावी, तसे. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि शेजारी उभ्या असलेल्या प्राचार्यांना म्हणाले, “यांना घ्या. आवाज खणखणीत हाय.”

माझी फाईल कुणी उघडली नाही. ती अजूनही तशीच आहे, वरच्या पुठ्ठ्यावर त्या दिवशीच्या, गाडी धुण्याच्या शाम्पूचा एक डाग पडलेला.

दर रविवारी मळ्यात गाडी धुतली जायची आणि ती कॉलेजनं धुवायची, असा प्रघात होता. रजिस्टरला त्याची नोंद ‘श्रमदान’ म्हणून व्हायची. प्रेशरनं धुतलं की पाणी कमी लागतं, त्यामुळं वर्षातून एकदा हेच काम ‘जलसाक्षरता अभियान’ म्हणूनही मोजलं जायचं. नानांचं म्हणणं होतं की ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या विषयाचं काम मिळालं पाहिजे, तरच शिक्षणाचा उपयोग. म्हणून शाम्पू पाण्यात कालवायचं काम रसायनशास्त्राच्या जाधव मॅडमकडं होतं. धार किती हातांवरून मारायची, हे पदार्थविज्ञानाचे शेख सर ठरवायचे. नळी त्यांच्याच हातात असायची. प्राचार्यांकडं सामान्य देखरेख होती, म्हणजे त्यांनी कोरड्या जागी उभं राहून ‘वा’ म्हणायचं. इंग्रजी विभाग म्हणजे मी. मी आधी धुण्याचं पान मोठ्यानं वाचायचो आणि मग हवेच्या तोंडाला पिशवी बांधायचो. ते तोंड हँडलच्या पुढं, दिव्यांच्या मागं एका जाळीआड होतं. पिशवी दुधाची, वरून रबर. सगळं झाल्यावर नाना म्हणायचे, “काढा, सर,” की मी पिशवी काढायचो. नानांनी म्हटल्याशिवाय नाही.

सायलेन्सरचं बूच नाना स्वतः बसवायचे. ते टोपीचं असायचं. आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम असला की पाहुण्याला टॉवेल, टोपी, नारळ आणि शाल मिळते आणि नाना वर्षभर पाहुणेच असायचे. त्यामुळं मळ्यातल्या एका खोलीत सत्काराच्या शाली छताला टेकल्या होत्या. गाडी पुसायला त्याच काढायच्या. नवी टोपी घट्ट गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात खुपसायची. नारळाच्या शेंड्यांनी चाकांतला चिखल घासायचा. “मानसन्मान वाया जाऊ द्यायचा न्हाई,” असं नाना म्हणायचे.

मी रुजू झालो त्याच महिन्यात त्यांनी आम्हाला पपई दाखवली. झालं असं की एका रविवारी एका नव्या सरांनी चप्पल घालूनच शेख सरांकडून नळी हातात घेतली आणि स्वतःच्या पायावरचा चिखल धुवायला धार खाली वळवली. नाना एवढ्या जोरात ओरडले की कुंपणावरचे बगळे उठले. त्यांनी मशीन बंद करायला लावलं. आत गेले, एक पिकलेली पपई घेऊन आले आणि बांधाच्या दगडावर ठेवली. लाल नोझल खिशातून काढून नळीला लावलं.

“ही तुमची पोटरी समजा,” नाना म्हणाले.

पपईला आरपार भोक पडलं. नव्या सरांनी पाय मागं घेतले.

“कातडं पपईपरीस लई जाड न्हाई, सर. गाडी धुताना माणूस धुवायचा न्हाई. बूट घाला, डोळ्याला चष्मा लावा आन धार कधी माणसाकडं करू नका.” एवढं बोलून त्यांनी तीच पपई कापून सगळ्यांना खायला घातली. नव्या सरांना दोन फोडी जास्त दिल्या आणि सोमवारी त्यांच्यासाठी गमबूटही पाठवले. नाना असे होते. कुणाच्या पायाला इजा झालेली त्यांना खपायची नाही.

गाडी धुण्याचे नियम त्यांना इतके पटले होते की हळूहळू ते सगळ्या जगाला लागू झाले. “गरम असताना पाणी मारायचं न्हाई,” हा त्यांचा सगळ्यात लाडका. संस्थेविरुद्ध निवेदन घेऊन कुणी तावातावानं आलं की नाना त्याला लिंबाखाली बसवायचे आणि चहा सांगायचे. मग स्वतः आत निघून जायचे. तासभर कुणीच यायचं नाही. अजून एक चहा यायचा. माणूस आधी उठून फेऱ्या मारायचा, मग बसायचा, मग मोबाईल काढायचा. नाना खिडकीतून बघत असायचे. तो शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलायला लागला की म्हणायचे, “आता हात लावा, गार झालंय.” आणि बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. निवेदन त्याच्या हातातच राहायचं.

“जिथं गिरीस, तिथं पाणी न्हाई,” हा दुसरा. बेअरिंगमध्ये पाणी गेलं की आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि चाक बोंबलायला लागतं, हे गाडीचं झालं. पण मंजुरीच्या फायली जिथं जातात तिथल्या माणसांना नाना दिवाळीला पेढे का पाठवतात आणि आम्हाला दिवाळीला भाषण का देतात, याचा खुलासाही ते याच नियमानं करायचे. “तुमी घरची चाकं. तुमी कशाला बोंबलता?”

शेख सर एकदा हळूच म्हणाले, “नाना, घरच्या चाकालाबी गिरीस लागतं.”

नाना मनापासून हसले. त्यांना विनोद आवडायचा. हसत हसत त्यांनी नोझल खिशातून काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

आता आमच्या बोंबलण्याचं कारण सांगतो. आमचं कॉलेज विनाअनुदानित होतं. म्हणजे सरकार पगार देत नाही, संस्था देते, आणि संस्था म्हणजे नाना. नाना मानधन द्यायचे, पण ते पावसासारखं. येतं हे सगळ्यांना माहीत असतं, कधी येतं हे कुणी सांगू शकत नाही. सगळ्यांचे डोळे अनुदानाकडं लागलेले. अनुदान आलं की आम्ही कायम होणार. ‘कायम’ हा शब्द आमच्या भागात नोकरीपुरता नाही. मुलगी बघायला गेलो की पाणी येण्याआधी प्रश्न येतो, “सर कायम हायत का?” माझ्यासाठी आईनं उमापूरजवळच्याच एका गावातली मुलगी पाहून ठेवली होती. मुलगी डी. एड. झालेली, हसरी. ती मला पसंत होती आणि मीही तिला, असं तिच्या वहिनीकडून कळलं होतं. तिच्या वडिलांचं एवढंच म्हणणं होतं, “ऑर्डर दाखवा आन नारळ फोडा.”

आणि एक दिवस नानांनी मीटिंगमध्ये लाल नोझल बाजूला सरकवलं. आम्ही सगळे सावध झालो.

“साहेब येणार हायत,” नाना म्हणाले. “बोलणं झालंय. स्टेजवरून अनुदानाचं जाहीर करणार. माझं कॉलेज बघा, माझी माणसं बघा, मग बोला, आसं मी सांगितलंय.”

साहेब म्हणजे वरचे साहेब. कुठल्या पदावर होते ते सांगत नाही, कारण ते पदावर नसले तरी साहेबच असतात. ठरलं असं की साहेब आधी मळ्यात येणार, फेटा बांधून घेणार आणि तिथून एटीव्हीवर बसून, स्वतः चालवत, बँडच्या गजरात कॉलेजच्या स्टेजपर्यंत जाणार. वाट फार लांबची नव्हती. मळ्याच्या रस्त्यानं मार्केट यार्डाच्या चौकातून सरळ कॉलेज. मी आईला फोन केला. आई म्हणाली, “त्यांना सांगू का रे?” मी म्हणालो, “संध्याकाळी सांग.”

त्या दिवशी गाडी अशी धुतली की मी तशी पुन्हा कधी पाहिली नाही. मी पान वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. नानांनी इंजिनावर तळहात ठेवून ते गार असल्याची खात्री केली. टोपीचं बूच बसलं, मी पिशवी बांधली, शेख सरांनी पांढरं पसरट नोझल लावून लांबून धार धरली. जाळीवर हळू, वायरींना वळसा, चाकाच्या मधोमध अजिबात नाही. फेस नुसता वरून वाहत गेला. जाधव मॅडमनी एक भरजरी शाल घेऊन सीट पुसलं. नानांनी बूच काढलं. आता फक्त माझी पिशवी राहिली होती. मी हात पुढं करून नानांच्या “काढा, सर” ची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात प्राचार्य फोन कानाला लावून पळत आले.

“नाना, साहेब! अजून बीडजवळ पालीला आहेत म्हणून सांगितलं होतं, पण तो निरोप मघाचा होता. गाड्या फाटकात आल्यात!”

नाना फाटकाकडं धावले. साहेब उतरले, हार झाले, फेटेवाल्यानं साहेबांना फेटा बांधला, मग नानांना, मग प्राचार्यांना. साहेबांची नजर एटीव्हीवर पडली आणि ते लहान मुलासारखे खूश झाले.

“नाना, हिला कावून उघडं ठेवलं? हिलाबी बांधा की फेटा!”

“तुमच्याच हातानं होऊ द्या, साहेब!” नाना म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या आणि फेटेवाल्यानं गुलाबी फेट्याचं टोक साहेबांच्या हातात दिलं. आता गाडीला डोकं नसतं. फेटा बांधायचा कुठं? साहेबांनी तो हँडलच्या पुढं, दिव्यांच्या मागं, बरोबर त्या जाळीवरून गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. फेटा पुष्कळ लांब असतो. शेवटी त्यांनी वर तुरा काढला आणि मागं सरून बघितलं. फोटो निघाले.

मी नानांच्या कानाशी गेलो. “नाना, पिशवी आतच आहे.”

“कुठली पिशवी?”

“हवेच्या तोंडाची. फेट्याखाली.”

नानांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे गाडीकडं गेले. त्यांना सगळं समजलं होतं. ते पान त्यांनी माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनाही आता ते पाठ होतं.

“फेटा सोडावा लागंल?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

“पूर्ण.”

“साहेबांनी सवता बांधलेला फेटा? साहेबांम्होरं?”

“दोन मिनिटांचं काम आहे, नाना. परत बांधता येईल.”

नाना माझ्याकडं असे बघत राहिले, जसं मी साहेबांचाच फेटा उतरवा म्हणालो होतो. आमच्याकडं डोक्याचा फेटा उतरवणं म्हणजे काय असतं, हे मलाही कळतं. शेख सर जवळ आले आणि म्हणाले, “नाना, सर बरोबर म्हणतात. दम कोंडंल तिचा.”

“चालंल तेवढी चालंल,” नाना म्हणाले. “हळू चालवा म्हणून सांगतो साहेबांना.”

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला तो असा. मोडताना त्यांनी एकदा माझ्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं. मी हात खाली घेतला.

गाडी चालू झाली. पिशवी सैल होती, कुठूनतरी थोडी हवा जात असावी. पुढं बँड, मागं साहेब गाडीवर, त्यांच्या मागं नाना आणि आम्ही सगळे पायी. मळ्याच्या रस्त्यावर साहेब हळू होते. मार्केट यार्डाच्या चौकात जेसीबीच्या खोऱ्यातून त्यांच्यावर फुलं पडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि साहेबांना जोर आला. त्यांनी हातातला एक्सलेटर पिळला. गाडीनं मोठा श्वास घेऊ पाहिला, पिशवी आत ओढली गेली, गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

बँड एवढ्या जोरात वाजत होता की साहेबांना ते ऐकूच आलं नाही. ते दोन्ही बाजूंना हात हलवत होते. गाडीचा वेग मात्र कमी होत होता. नाना मागं वळले.

“ढकला,” ते म्हणाले.

आम्ही ढकलायला लागलो. उजवीकडं शेख सर, डावीकडं मी, मधे गणिताचे सर, मागं भूगोल आणि वाणिज्यचे मिळून चौघं. प्राचार्यांनी फेटा सांभाळत एक हात लावला. जाधव मॅडम शाल घेऊन शेजारून चालत होत्या, कुणाच्या कपाळाचा घाम पुसायला. साहेबांनी एक्सलेटर पिळला की नाना आमच्या कानात म्हणायचे, “जोरात!” साहेबांनी सोडला की म्हणायचे, “हळू!” कॉलेजच्या फाटकापाशी चढ आहे. तिथं साहेबांनी खुशीत येऊन पूर्ण पिळला.

“जोरात, सर, जोरात! अनुदान हाय वर!” नाना म्हणाले. ते स्वतःही ढकलत होते. सत्तरीला टेकलेला माणूस, फेट्याचं शेपूट दातांत धरून.

शेख सर मला म्हणाले, “कावून बे, इंजिन कितीचं हाय हे?”

“आठ प्राध्यापकांचं,” मी म्हणालो.

स्टेजवर साहेब आधी गाडीबद्दल बोलले. “काय गाडी हाय नाना! आवाजच न्हाई!” लोक हसले. साहेबांना वाटलं लोक खूश आहेत. तेवढ्यात त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसानं वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आमचे शर्ट पाठीला चिकटले होते, गुडघ्यांपर्यंत धूळ होती. खोटं सांगत नाही, साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले.

“मी पुष्कळ कॉलेजं पायली,” साहेब म्हणाले. “पगार घेणारे पुष्कळ मास्तर पायले. पण पगार न घेता अध्यक्षाची गाडी चढावर ढकलणारे प्राध्यापक आज पयल्यांदा पायले. मी इथं अनुदानाचं बोलायला आलतो. पण आता माझी जीभ रेटंना. ही सेवाभावी माणसं हायत. सरकारचा पैसा लावून मी यांची सेवा बाटवणार न्हाई!”

टाळ्या पडल्या. पहिली टाळी नानांनी वाजवली. यजमानाला वाजवावीच लागते. वाजवता वाजवता त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं आणि मग ते तांब्यातलं पाणी प्याले.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी उचलला नाही.

गाडी स्टेजच्या बाजूला फेट्यासकट तशीच उभी होती. मी पिशवी काढायला गेलो, तर नाना म्हणाले, “आता नगं. साहेबांची गाडी तालुक्याच्या हद्दीभाईर जाऊ द्या.” नंतर फेटा सोडला तेव्हा दुधाची पिशवी नळीत आतपर्यंत ओढली गेली होती. ती बाहेर काढायला शेख सरांना चिमटा लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून मळ्यात गेलो. आम्ही खरोखर तापलो होतो. नानांनी आम्हाला लिंबाखाली बसवलं आणि चहा सांगितला. आम्हाला तो नियम पाठ होता, तो काय करतो हे माहीत होतं, तरी आम्ही बसलो. दुसरा चहा आला. गणिताच्या सरांनी पावसाचा विषय काढला. नाना बाहेर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या मुलीचं लग्न लातूरकडं झालं. मुलगा कायम आहे म्हणे.

कॉलेज सोडून शेख सर आधी निघाले. त्यांच्या घरच्यांचं केजला गॅरेज आहे. महिनाभरानं ते मला भेटले आणि म्हणाले, “चल बे. शिकवायचे पैसे आपल्याला कुणी देत न्हाई. धुता तर येतं ना?” अशा रीतीनं बीड रोडला आमचं वॉशिंग सेंटर सुरू झालं. एक एम. एस्सी., एक एम. ए. गिऱ्हाइकं आम्हाला ‘सर’ म्हणतात. “सर, चाकाखालचंबी घ्या जरा.” आम्ही घेतो. जे येतं ते सगळं नानांच्या मळ्यात शिकलेलं आहे, हे मी कुणालाही सांगतो. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत नियम लिहून काढलेत. इंग्रजीतून मराठीत केलेलं ते माझं एकमेव प्रसिद्ध लिखाण. गरम इंजिनाची गाडी लगेच धुतली जाणार नाही. माणसाच्या अंगावर पाणी मारून मिळणार नाही. आणि सगळ्यात शेवटी मी स्वतःच्या पदरचा एक घातलाय : फेटे, हार व तुरे काढूनच गाडी द्यावी.

मागच्या महिन्यात दुपारी रस्त्यावर ओळखीचा आवाज आला. पोपटी बेडूक. नाना एकटेच चालवत आले. आता थकलेत, पण गमबूट तेच. कुठल्याशा वाढदिवसाच्या कार्यक्रमातून थेट आले होते. स्वतःच्या वाढदिवसाचाच असावा, कारण गाडीला पुढं केशरी फेटा बांधलेला होता, बरोबर त्याच जागी.

“आता मळ्यात धुणारं कुणी न्हाई राह्यलं,” ते म्हणाले. “नव्या मास्तरांना रविवारी क्लास असतात.”

शेख सर नळी खाली ठेवून उभे राहिले. मीही उभा राहिलो. नानांनी चष्मा लावला आणि भिंतीवरचे नियम मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नियमाला मान डोलवत होते. शेवटच्या नियमापाशी थांबले. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला.

मग ते गाडीकडं गेले. तुरा काढला. एकेक वेढा सोडवत सगळा फेटा उतरवला, हातावर त्याची नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

“बघा सर,” नाना म्हणाले, “निघतो की.”

मी फेटा काखेत धरला. इंजिनाला हात लावून पाहिला. चांगलंच गरम होतं. मी नानांना खुर्ची दिली आणि समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले.